जाणारी नळी, परतणारी नळी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका जागी आठ-नऊ वर्षं नोकरी केली की ते आपोआप साचतात, टेबलाच्या खणात टाचण्या साचतात तसे. खण आवरायला काढला की कळतं, अरे, एवढं होतं होय यात.

मी लालबागला एका मोटार गॅरेजात टायपिस्ट होते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हातांकडे, नखांत ग्रीस दिसतंय का म्हणून. तेव्हाही असेच बघायचे. राहायला मी ठाकूरद्वारला, वडिलांबरोबर. आमचं घराणं मुंबईतलं जुनं, कारकुनांचं. चार पिढ्या कुठल्या ना कुठल्या ऑफिसात टाकाने लिहीत आल्या. आई मी लहान असतानाच गेली, भाऊ नोकरीसाठी दिल्लीला गेला तो तिथलाच झाला. घरात नाना आणि मी. नानांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे गॅरेजातली गंमत मी त्यांना ओरडून सांगायची. माझे किस्से नानांपेक्षा आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांनीच जास्त नीट ऐकलेत.

आता ओरडून सांगायचं कारण उरलं नाही. तुम्ही बसलाच आहात, तर हळू आवाजात सांगते.

* * *

गॅरेज होमीशेठचं. मिलच्या भिंतीला लागून मोठी पत्र्याची शेड, आणि आत होड्यांएवढ्या लांब अमेरिकन गाड्या. होमीशेठ पन्नाशीचे, अविवाहित, कायम पांढऱ्या डगल्यात. बाहेर संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोर धरू लागलेली, अधूनमधून मोर्चा. आणि आत परदेशी पार्ट मिळेनासे झालेले. एकेका नळीसाठी सरकारकडे इंग्रजीत अर्ज करायचा, तीन प्रतींत. तो टाइप करायला त्यांना माणूस हवा होता. बाई आली.

माझ्या आधी त्या शेडमध्ये बाई अशी एकच होती, कॅलेंडरवरची. मी रुजू झाले त्या सकाळी कोणीतरी तिला खाली उतरवलं. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. मी टाइप करताना समोर तो चौकोन असायचा.

मोठा प्रश्न बाथरूमचा होता. गॅरेजात होतं ते बायकांनी जाण्यासारखं नव्हतं. होमीशेठनी रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहाच्या मेट्रनशी बोलून ठेवलं. मी दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायची, जिना चढायची आणि पाच मिनिटांत परत यायची. तिथली आया मला बघून मान हलवायची. मीही हलवायची. कधी बोलणं नाही.

दोन वर्षांनी तिने मला जिन्यात थांबवलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "पण दोन वर्षं झाली. एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

मी म्हटलं, "दाखवते."

त्या दोन वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी करणारी ती पहिलीच.

* * *

हेड मिस्त्री म्हणजे जाधव मिस्त्री. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन साताऱ्याकडे. कमी बोलायचे, आणि बोलायचे ते कामाचं. मराठी चांगलं वाचायचे, पण इंग्रजीत आकड्यांपलीकडे जायचे नाहीत.

नळीला नळी जोडायची तर दोन तुकडे लागतात. एकाला आटे बाहेरून, दुसऱ्याला आतून, आणि एक दुसऱ्यात फिरवून बसवायचा. सगळ्या मुंबईत त्यांना नर आणि मादी म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. मिस्त्रींना माहीत होतं, आणि समोर बसलेल्या बाईला ते कसं सांगावं हेच त्यांना कळेना.

मी मशीनवर कागद चढवला. मिस्त्री शेजारी उभे राहिले.

"लिहा, बाई. स्टीलचं फिटिंग. एक..." आणि ते छताकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं. "एक जेंट्स."

मी टाइप केलं.

"आणि दोन लेडीज."

तेही केलं. मला वाटलं, असेल कंपनीचा शब्द. कागद नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातल्या दुकानात गेला, आणि दुपारपर्यंत माल बरोबर आला. बिलावर दुकानदाराने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'लेडीज, स्टील, दोन नग.' पुढे कळलं की तो बाकीच्या गॅरेजवाल्यांनाही विचारायला लागला होता, जेंट्स देऊ का लेडीज.

खरे शब्द मला सहा महिन्यांनी एका अमेरिकन मॅन्युअलमध्ये सापडले. शेडमध्ये कोणी नव्हतं तरी माझे कान गरम झाले. पण नोकरी सोडेपर्यंत मी जेंट्स आणि लेडीजच टाइप केलं. मिस्त्रींनी एवढा विचार करून शोधलेला शब्द, तो मोडायचा कशाला.

* * *

माहीमचे एक डॉक्टर होते. त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकनाकडून गाडी घेतली होती, पॉवर स्टिअरिंगची. तेव्हा ते फार नवलाचं होतं. इंजिनावर एक पंप, पंपातून एका नळीने तेल स्टिअरिंगला जाणार, तिथे चाक वळवायला जोर लावणार आणि दुसऱ्या नळीने परत पंपाकडे येणार. एवढी अवाढव्य गाडी, पण एका बोटाने वळायची.

डॉक्टरांची पहिली नळी फुटली, तेव्हा कुठल्याशा मेकॅनिकने साधी रबरी नळी घालून दोन्ही टोकांना क्लिपा आवळून दिल्या. भायखळ्याच्या पुलाजवळ वळताना एक टोक निसटलं. तेल उडालं ते थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. बॉनेटमधून धूर निघाला, डॉक्टर गाडी सोडून पळाले. आग लागली नाही हे नशीब.

आणि तरीही गाडी ओढत आणल्यावर डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, या वेळी दोन-दोन क्लिपा लावा. वाटलं तर चार लावा."

"क्लिप चालणार नाही."

"का नाही? ही शेजारची नळी बघा. हिला क्लिपच आहे, आणि ती कंपनीने लावलेली आहे."

माणूस शिकलेला, मुद्दा बिनतोड. मीही टायपिंग थांबवून बघायला लागले की आता मिस्त्री काय म्हणतात.

"ती परतणारी नळी आहे, डॉक्टर. तुम्ही बोलताय ती जाणारी. जाणाऱ्या नळीत सायकलच्या ट्यूबच्या वीस-पंचवीसपट जोर असतो. क्लिप रबराला बाहेरून आवळते, पण आतून तेल तिला रोज थोडं थोडं ढकलत असतं. आज नाही तर महिन्याने ती निघणार. या नळीची टोकं कारखान्यातच मशीनवर दाबून बसवलेली पाहिजेत. आणि फिटिंग स्टीलचं. पितळ नको, तांब्याची नळी नको, कुठे डाग देऊन जोडलेला सांधा नको."

"आणि परतणाऱ्या नळीत जोर नसतो?"

"तिच्यात काही नसतं," मिस्त्री म्हणाले. "ती नुसती घरी येते."

संध्याकाळी मी ट्रामने घरी आले. नाना खुर्चीतच झोपले होते, मांडीवर पेपर. मी दिवा लावला, चहा टाकला आणि कप एकच काढला.

* * *

नळी परदेशातूनच यायची होती. अर्जावर अर्ज गेले, उत्तर नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले, जितकी शक्य तितकी स्टीलची नळी घालू, आणि रबर फक्त जिथे हलतं तिथे, जुन्या गाडीतून काढलेलं पण कंपनीचं. मात्र स्टीलच्या नळीचं तोंड कसं फाकवायचं ते मॅन्युअलमध्ये बघायला हवं. मॅन्युअल इंग्रजीत.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी वाचायची आणि मिस्त्री ऐकायचे. मला एकही पार्ट ठाऊक नव्हता, त्यांना एकही इंग्रजी शब्द. मी जे दिसेल त्याचं जमेल तसं मराठी करायची.

"'नळीचं तोंड खुर्चीवर नीट बसलं पाहिजे,'" मी वाचलं.

जेवत असलेला बाबल फिटर हसायला लागला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एक फिटिंग उचलून माझ्यासमोर धरलं. आत तळाशी एक निमुळता उंचवटा होता, गुळगुळीत. नळीचं फाकवलेलं तोंड त्याच्यावर टेकतं आणि नट ते दाबून धरतो.

"खुर्चीच आहे," ते म्हणाले. "तेल अडतं ते इथे. आटे फक्त दाबून धरायला. म्हणून आट्यांवर सफेदा लावून, सुतळी गुंडाळून काही उपयोग नाही. खुर्चीवर ओरखडा असेल तर फिटिंग फेकून द्यायचं. पुढे वाचा."

पुढे होतं की तोंड एकदा फाकवून पत्रा परत आत दुमडायचा, म्हणजे काठ दुहेरी होतो आणि चिरत नाही. ते त्यांनी चार दिवसांत जमवलं. पहिल्या अकरा नळ्या वाया गेल्या. बारावी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि निघून गेले.

डॉक्टरांची गाडी त्या नळीवर पुढे कितीतरी वर्षं चालली. आणि तेव्हापासून आमच्या गॅरेजात कोणी सीट म्हणत नाही. "मिस्त्री, हिची खुर्ची गेली," असं म्हणतात.

* * *

होमीशेठना घाई फार. एकदा ते चोरबाजारातून एक फिटिंग घेऊन आले. पितळी, चकचकीत, दिसायला सुंदर.

"जाधव, हे लाव. बसते. मी हाताने फिरवून बघितला ने."

मिस्त्रींनी फिरवून बघितलं. "शेठ, हे इंग्लिश आट्याचं आहे. गाडी अमेरिकन. दोन आटे घेतं, तिसऱ्याला अडतं."

"मग पान्याने फिरव."

"पान्याने फिरेल. पण ते बसणं नाही, ते चिरडणं झालं. दोन आटे बसले म्हणजे बसलं असं नव्हे, शेठ."

होमीशेठ ऐकेनात. शेवटी मिस्त्रींनी ते हातपंपावर लावलं, सगळ्यांना बाजूला केलं आणि दाब चढवायला सुरुवात केली. होमीशेठ मात्र जवळ उभे राहिले. निम्मा दाबही झाला नव्हता. फाट असा आवाज आला, फिटिंग छताचा पत्रा भेदून बाहेर गेलं आणि तेल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या डगल्यावर.

होमीशेठ म्हणाले, "बाई, अर्ज टाइप कर."

त्याच आठवड्यात मला बघायला आले. आमच्या घरी असं बघणं झालं ते हे शेवटचंच. मी एकतिशीची. प्रार्थना समाजाजवळ राहणारे एक विधुर, सोबत त्यांची मावशी. मावशींनी विचारलं, "गॅरेजात नेमकं काय करतेस?" टायपिंग करते, एवढं म्हणून थांबायला हवं होतं. पण मी पाऊण तासापूर्वीच कामावरून आले होते, डोक्यात तेच. मी चोरबाजारपासून सुरुवात केली. इंग्लिश आटे, अमेरिकन आटे, पितळ का नको, सगळं सांगितलं. बशीत पोहे गार झाले. नाना खुणा करत होते, त्या मला दिसल्या नाहीत.

मावशी उठल्या. ते गृहस्थ मात्र दारात थांबले.

"मग ते फिटिंग कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"छतातून बाहेर."

ते हसले. अगदी मनापासून, डोळ्यांपर्यंत.

निरोप दोन दिवसांनी आला, नकाराचा. नाना म्हणाले, निदान पोह्यांबद्दल तरी बोलायचंस. पण ते हसले होते, आणि माझ्या गोष्टीला हसले होते.

* * *

बाबल फिटरचं सांगते. मालवणचा, चाळिशीचा, लालबागेत एका खोलीत सहा गाववाल्यांबरोबर राहणारा. कुटुंब गावी.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी ट्राम चालू होती म्हणून मी पोचले. दहापर्यंत सगळं बंद. होमीशेठ आलेच नाहीत. गॅरेजात मिस्त्री, बाबल आणि मी. बाहेर घोषणा, मधूनच धावपळ.

बाबल एका गाडीचं इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगची गळती शोधत होता. जाणाऱ्या नळीवरून हात फिरवत होता, कुठे ओलं लागतंय का ते बघायला. एकदम म्हणाला, "गे बाय, मुंगी चावली."

मिस्त्री दुसऱ्या टोकाला होते. ते धावत आले. बाबलचा हात धरून त्यांनी बोट उजेडात नेलं. पहिल्या बोटावर सुईच्या अग्राएवढा ठिपका. रक्तही नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"दुखतंय?"

"नाय. काय्येक नाय."

"आता दुखणार नाही. संध्याकाळी दुखेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी डिझेलच्या कारखान्यात होतो तेव्हा एकाला असंच झालं होतं. नळीला बारीक भोक असलं की तेल सुईसारखं निघतं आणि कातडी फोडून आत जातं. त्याने हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी कोपरापासून हात कापला. चला, इंग्रजी बोलायला तुम्ही पाहिजे."

गॅरेजात चालू अवस्थेत होती ती तेवढीच गाडी. गळक्या नळीत परत जोर येऊ नये म्हणून मिस्त्रींनी पंपाचा पट्टा काढून टाकला. मग ती होडी वळेना. मी शेजारी बसून दोन्ही हातांनी चाक धरलं. "बाई, डावीकडे ओढा," म्हणाले की मी ओढायची.

नाक्यावर जमाव होता. अमेरिकन गाडी बघून पाच-पंचवीस जण आडवे आले, दोघांच्या हातांत दगड.

"कोणाची गाडी?"

"गिऱ्हाइकाची," मिस्त्री म्हणाले. "आत आमचा माणूस आहे. हाताला लागलंय."

एक जण वाकला. त्याने बाबलचा हात उलटसुलट करून बघितला. "कुठे लागलंय?"

"माका पण दिसणा नाय," बाबल म्हणाला. "पण ह्यो ऐकणा नाय."

तो माणूस हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणा, आणि जा."

मी म्हटलं. नानांशी बोलून बोलून माझा आवाज तयार झालेला. मागच्या रांगेतल्या लोकांनीही वळून बघितलं. रस्ता मोकळा झाला.

पुढे एका छोट्या खाजगी इस्पितळात पोचलो. तिथे डॉक्टर एकटे, आणि डोकी फुटलेली माणसं ओळीने बसलेली. त्या रांगेत टाचणी टोचल्यासारखं बोट घेऊन आम्ही. मी इंग्रजीत सांगितलं, हे दाबाखालचं तेल आहे, आत गेलेलं आहे. पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला, बोट दाबून बघितलं आणि बाबलला तडक आत घेतलं. तेल तळव्यापर्यंत पोचलं होतं. हात वाचला. बोटाची दोन पेरं गेली.

त्यानंतर गॅरेजात नियम झाला, गळती हाताने शोधायची नाही, पुठ्ठा फिरवायचा. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पडतो, बोटावर पडला तर पुसता येत नाही.

बाबल दोन आठवड्यांनी कामावर आला तो जरा गोंधळलेला होता. चाळीतल्या लोकांनी त्याला त्या दिवसांतल्या पोलिसांच्या गोळीबारात जखमी झालेला समजून हार घातला होता. बोलायला उभं केलं होतं. त्याला काही बोलायला सुचलं नव्हतं, ते तर लोकांना फारच भावलं.

"मिस्त्रीनू, खरा सांगू काय त्यांका?"

मिस्त्री नळीचं तोंड कानशीने घासत होते.

"हार कुठे आहे?"

"सुकलो. टाकलंय."

"मग राहू दे."

* * *

गॅरेजात पाण्याचा एक माठ होता. शेजारी भिंतीवर खिळा, खिळ्याला ॲल्युमिनियमचा पेला. तो मिस्त्रींचा. ते माठाला हात लावायचे नाहीत. कोणीतरी वरून ओतायचं आणि ते पेल्यात घ्यायचे. गॅरेजातले सगळ्यांत वरचे कारागीर, सगळे त्यांच्या हाताखाली शिकलेले, आणि तरी हे असं. मला हे दिसत होतं असं मी म्हणणार नाही. पेला दिसायचा. पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

मिस्त्री चार दिवसांची रजा घेऊन नागपूरला गेले. बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतले ते पांढऱ्या कपड्यांत. कपडे बदलले, कामाला लागले. दुपारी उठून माठाकडे गेले, खिळ्यावरचा पेला काढला, झाकण उचललं, पेला आत बुडवला आणि उभ्याने पाणी प्यायले. पान्यांचे आवाज थांबले होते.

दुसऱ्या दिवशी तिघांनी घरून बाटल्या आणल्या. बाबलने आणली नाही. तो येऊन माठातलं प्यायला आणि तोंड पुसून कामाला गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पहिल्या दिवसापासून घरचीच बाटली आणतेय. मला माझीच फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी बाटली घरी ठेवली, सगळ्यांदेखत माठाजवळ गेले आणि ग्लासभर पाणी प्यायले. गढूळ होतं, वर गंजाची चव. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मिस्त्री बघत होते. जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तो माठ महिन्यातून एकदा धुतात. तुम्ही आपली बाटलीच आणत जा."

* * *

आता हे शेवटचं.

नाना गेले एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात. आणि पुढच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. त्या दिवशी सुट्टी. ठाकूरद्वारला सकाळपासून सनई, गुढ्या, दारोदार रांगोळ्या. शेजारणीने पेढे आणून दिले, थोडा वेळ बसली आणि तिची माणसं मिरवणुकीला निघाली म्हणून गेली. मी खोलीत बसले. मग उठून साडी बदलली आणि बाहेर पडले. लालबागला उतरेपर्यंत आपण कुठे चाललोय असं मी स्वतःला विचारलं नाही.

गॅरेजचं दार किलकिलं होतं. आत मिस्त्री स्टुलावर बसलेले. मला बघून उठले.

"एक फिटिंग काल बसवलं होतं," ते म्हणाले. "गळतंय का बघायला आलो."

"माझाही एक अर्ज टाइप करायचा राहिला होता," मी म्हटलं.

ऑफिसच्या काचेआड होमीशेठ होते, डगला घालून, टेलिफोनपुढे. आम्हाला बघून ते दचकले.

"दिल्लीचा ट्रंककॉल यायचा हाय," ते म्हणाले. "कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बसलो."

मी मशीनवर कागद चढवला. मिस्त्रींनी ते फिटिंग पुठ्ठा फिरवून तपासलं. मग परत तपासलं. बाहेरून लेझीम गेली, घोषणा गेल्या, मग बराच वेळ शांत. मी चहा केला. तिघं काचेच्या खोलीत बसून प्यायलो. आठ वर्षांत आम्ही तिघं असे कधी एकत्र बसलो नव्हतो.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. खरंच वाजला. होमीशेठनी झडप घातली.

"हॅलो. कोण? नाही बाई, हे मिठाईचं दुकान नाही." ते ठेवणार असं वाटलं. ठेवला नाही. "हां. हां, बोला ने. किती पेढे पायजेत? अरे वा. घरात माणसं किती?" थोडा वेळ नुसतं ऐकत होते. "एकट्याच? मग एवढे पेढे... बरोबर. वाटायला. आजच्या दिवशी वाटायलाच पायजे." पुन्हा ऐकलं. "नाही नाही, त्रास कसला. गुडघ्याला काय लावता? ... माझी आई पण तेच लावायची."

दहा मिनिटं झाली असतील. शेवटी त्यांनी रिसीव्हर जपून खाली ठेवला आणि डगल्याची बटणं सारखी केली.

"राँग नंबर," ते म्हणाले.

आम्ही मान हलवली.

"कुठल्या होत्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"भायखळा."

"मग पेढ्यांचं काय झालं त्यांच्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, बघते, मिळाले नाही तर परत फोन करते."

मिस्त्री उठले, टेलिफोन टेबलाच्या कडेला होता तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवला, वायर नीट सोडवली आणि आपलं स्टूल आत ओढून घेतलं.

पाच वाजले, साडेपाच वाजले. तिघांतलं कोणी उठलं नाही.